चावी फिरते, गाडी दाद देत नाही : इग्निशन स्विचविषयी वाचकांचे प्रश्न

चावी, स्विच आणि सुरू होताना अडणारी गाडी यांबद्दल इतके प्रश्न आले आहेत की हा अख्खा भाग त्यांनाच दिला आहे. आधी शब्दांचा एक घोळ निस्तरू. ‘इग्निशन स्विच’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू येतात. चावी जिच्यात जाते ती कुलपाची नळी म्हणजे बॅरल. बॅरल आणि स्टिअरिंग अडकवणारा खटका ज्यात बसतो ते धातूचं घर म्हणजे हाउसिंग. आणि त्या घराच्या मागच्या टोकाला लावलेली, तारांचा कपलर जिच्यात घुसतो ती प्लॅस्टिकची डबी. विजेची जोडतोड करते ती ही डबीच. खाली ‘स्विच’ म्हटलं की ही डबी समजावी.

प्रश्न : खड्ड्यातून जाताना गाडी अचानक बंद पडते, डॅशबोर्ड काळा होतो आणि दोन क्षणांत सगळं परत येतं. गॅरेजमध्ये स्विच बदलायला सांगितलं आहे. बदलावा का?

लगेच नको. स्विचवर संशय घ्यायला जागा आहे, पण पुरावा अजून नाही. बॅटरीचं सैल टर्मिनल, गंजलेली अर्थची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडणारी) आणि मुख्य फ्यूजचा ढिला नट हे तिघेही हुबेहूब असंच वागतात. त्यांना न तपासता स्विच बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

पहिली खूण अशी : गाडी बंद पडते त्या क्षणी काय जिवंत राहतं ते पाहा. बहुतेक गाड्यांत हॅझर्ड लाइटला वीज थेट बॅटरीकडून मिळते, चावीचा तिच्याशी संबंध नसतो. हॅझर्ड लावून गाडी चालवताना डॅशबोर्ड गेला आणि हॅझर्ड मात्र लुकलुकत राहिले, तर बॅटरी आणि अर्थ निर्दोष. दोष चावीच्या वाटेवर आहे. हॅझर्डही गेले तर बॉनेट उघडा आणि टर्मिनलपासून सुरुवात करा. हा प्रयोग मोकळ्या मैदानातच करावा. आणखी एक प्रकार आहे. इंजिन मरतं, पण डॅशबोर्डवर ऑइल आणि चार्जिंगचे लाल दिवे पेटतात. म्हणजे वीज डॅशबोर्डपर्यंत येते आहे. मग क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं ओळखणारा), इंधन पंपाचा रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच) आणि इंजिनला वीज देणारी स्विचची दुसरी वाट, या क्रमाने शोध घ्यावा.

दुसरी चाचणी उभ्या गाडीत करा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, इंजिन मंद चालू, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू. चावी ‘ऑन’वर असताना ती न फिरवता बोटाने हलकेच वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. ब्लोअरचा आवाज बसला किंवा दिवे थरथरले, तर दोष बॅरलच्या शेपटीत (स्विचच्या खाचेत बसणाऱ्या मागच्या टोकात) किंवा स्विचच्या आतल्या काँटॅक्टमध्ये आहे. चावी हलवून काही झालं नाही, पण कॉलमखालच्या तारांच्या जुडग्याला हात लावताच दिवे थरथरले, तर दोष कपलरमधल्या सैल पिनेत असण्याची शक्यता जास्त. ती पीन नीट केली तर जुना स्विच पुढेही चालेल.

तोवर एक गोष्ट मनात पक्की ठेवा. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं, पण फिरतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, पुढे पाय जोरात दाबावा लागतो. पेडल सारखं पंप न करता एकदाच दाबून धरावं. आणि गाडी थांबेपर्यंत चावी ‘लॉक’कडे नेऊ नये; स्टिअरिंग अडकलं तर गाडी वळणारच नाही.

प्रश्न : सेल्फ मारताना इंजिन फायर होतं, चावी सोडली की त्याच क्षणी बंद. असं का?

स्विचच्या आत एकच जोडणी नसते. चावीच्या ‘एसीसी’ (ॲक्सेसरी) या खुणेला रेडिओची वाट जोडली जाते, ‘ऑन’ला डॅशबोर्ड, ब्लोअर, इंधन पंप आणि इंजिनच्या कंप्युटरची वाट, ‘स्टार्ट’ला स्टार्टरची वाट जोडली जाते आणि त्याच वेळी इंजिनचा पुरवठाही चालू ठेवावा लागतो. ब्लोअर, रेडिओसारखे ग्राहक मात्र तेवढ्यापुरते तोडले जातात, म्हणजे बॅटरीची ताकद स्टार्टरला मिळते. काही स्विचमध्ये इंजिनचा पुरवठा ‘स्टार्ट’ला एका काँटॅक्टवरून आणि ‘ऑन’ला दुसऱ्यावरून जातो. ‘ऑन’चा झिजला असला तर तुमच्यासारखंच होतं. चावी सोडल्यावर ती ‘स्टार्ट’ आणि ‘ऑन’च्या मध्ये जरा धरून ठेवली आणि इंजिन चालत राहिलं, तर निदान जवळजवळ झालंच.

तरी आधी दोन शक्यता बाद करा. इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत मरत असेल आणि डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा लुकलुकत असेल, तर तो इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न देणारी यंत्रणा) आहे; दुसरी चावी वापरून पाहा. पॉइंटवाल्या जुन्या पेट्रोल गाडीत हेच लक्षण बॅलास्ट रेझिस्टर (ठिणगीच्या कॉइलचा करंट मर्यादित ठेवणारा रोध) तुटल्याचं असतं, कारण सेल्फ मारताना कॉइलला त्याला वळसा घालून पूर्ण वीज मिळते आणि चावी सोडली की त्याच्यातून जावं लागतं.

प्रश्न : मल्टिमीटरने स्विचच्या बाहेर येणाऱ्या तारेवर १२.४ व्होल्ट दिसतात. म्हणजे स्विच चांगला ना? मग ब्लोअर मंद का?

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १ कोटी ओहम असतो. तो मोजताना जेमतेम एक मायक्रोअँपिअर करंट घेतो. एवढ्याशा करंटला जळका, काळवंडलेला काँटॅक्टही आडवा येत नाही. नळाच्या पाइपात बोळा अडकला असला तरी तोटी बंद असताना दाब पूर्णच दिसतो. तोटी उघडली की धार करंगळीएवढी. मीटरने तुम्ही बंद तोटीचा दाब मोजलात.

म्हणून मोजायचं ते भार चालू ठेवून. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक स्विचमध्ये येणाऱ्या जाड तारेच्या पिनेला आणि काळं टोक बाहेर जाणाऱ्या तारेच्या पिनेला, कपलर लावलेलाच असताना मागच्या बाजूने बारीक पीन सारून टेकवा. चावी ‘ऑन’, ब्लोअर शेवटच्या वेगावर. आता मीटर जे दाखवेल ते स्विचमध्ये हरवलेले व्होल्ट. ०.२ पर्यंत ठीक. ०.५ च्या वर गेलं तर स्विच गेला. मधलं काही आलं तर कपलरच्या पिना साफ करून, घट्ट करून पुन्हा मोजा; दोष अनेकदा तिथेच निघतो. आकडा स्थिर आहे की नाचतो आहे, हेही पाहा. चावी हलवल्यावर ०.१ वरून १ वर उडी मारणारा स्विच सरासरीने चांगला दिसला तरी भरवशाचा नाही. आणि हरवलेले व्होल्ट नगण्य असूनही ब्लोअर मंदच असेल, तर स्विचला सोडा. ब्लोअरची मोटर, तिची अर्थ आणि वेगाचा रेझिस्टर बघा.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का? काँटॅक्टमध्ये ०.१ ओहम रोध तयार झाला आणि त्यातून १५ अँपिअर गेले, तर १.५ व्होल्ट वाया जातात आणि त्या टिचभर जागेत २२.५ वॅट उष्णता तयार होते. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न बंद प्लॅस्टिकच्या डबीत ठेवल्यासारखंच आहे ते. उष्णतेने पितळी पट्टीचा ताण जातो, दाब कमी होतो, रोध आणखी वाढतो. म्हणून स्विच एकदा बिघडू लागला की उतरण वेगाने होते.

सेल्फच्या वाटेचंही मोजमाप असंच. आधी बॅटरी : विश्रांतीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. सेल्फ मारताना तिच्या टर्मिनलवर ९.६ च्या खाली जाऊ नये. बॅटरी यात नापास झाली तर पुढचं काही मोजू नका. पास झाली, तरी स्टार्टर नुसता ‘टक्’ करत असेल, तर सोलेनॉइडच्या (स्टार्टरवरच्या विद्युतचुंबकी खटक्याच्या) बारीक तारेवर सेल्फ मारत असतानाच व्होल्ट पाहा. बॅटरीपेक्षा एखाद्या व्होल्टने कमी असेल तर स्विच निर्दोष, दोष स्टार्टरचा. तीन-चार व्होल्ट कमी असेल तर मागे मागे येत राहा : स्टार्टर रिले, क्लचचा किंवा ऑटोमॅटिकमधला न्यूट्रल स्विच, आणि शेवटी इग्निशन स्विच. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये व्होल्ट पडतात तिथे चोर.

मीटर लावण्याआधी लाल वायर अँपिअरच्या भोकात तर राहिलेली नाही ना, हे दर वेळी पाहा. तशीच एक टोक तारेला आणि दुसरं बॉडीला टेकवलं तर सरळ शॉर्ट होतो.

प्रश्न : स्विच घरी बदलता येईल का? एअरबॅगची भीती वाटते.

भीती योग्यच आहे, आणि तीच तुम्हाला नीट काम करायला लावेल. एअरबॅगच्या तारा बहुधा पिवळ्या आवरणात किंवा पिवळ्या कपलरमध्ये असतात. त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावायचा नाही, त्यांचे कपलर सोडायचे नाहीत. तुमच्या गाडीत स्विचपर्यंत पोहोचण्यासाठी स्टिअरिंग व्हील किंवा एअरबॅग काढावी लागत असेल, तर काम जाणकाराकडे द्या. बऱ्याच गाड्यांत तशी गरज पडत नाही.

रेडिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा. चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा. बहुतेक ठिकाणी १० चा पाना लागतो. मग मॅन्युअलमध्ये एअरबॅगसाठी दिलेला वेळ थांबा. तो ठाऊक नसेल तर निदान १५ मिनिटं. एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी काढल्यावरही काही काळ वीज साठलेली असते, ती उतरू द्यायची.

कॉलमचं कव्हर दोन अर्ध्यांचं असतं. खालून तीन ते पाच स्क्रू, त्यांतले एक-दोन स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावरच दिसतात. त्यासाठी चावी लावून स्टिअरिंग मोकळं करून घ्या. स्क्रू निघाले तरी कव्हर खटक्यांवर अडकलेलं असतं. प्लॅस्टिकच्या पट्टीने शिवणीपाशी उचकटा, लोखंडी स्क्रूड्रायव्हरने कडा तुटतात. बॅरलच्या तोंडाभोवती एक कडं असेल तर ती इमोबिलायझरची अँटेना. तिची तार केसासारखी असते, ओढू नका.

स्विच हाउसिंगच्या मागे दोन बारीक स्क्रूंनी किंवा दोन खटक्यांनी धरलेला असतो. काही गाड्यांत स्क्रूंवर रंगाचा ठिपका किंवा लाख असते. ती आधी खरवडून टाका, नाहीतर स्क्रूचं डोकं घासून जातं. कपलर काढण्याआधी फोटो काढा. त्याची जीभ दाबा आणि कपलर धरून ओढा, तारा धरून नको. आता चावी कुठल्या खुणेवर आहे ते लिहून ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण बॅरलची चपटी शेपटी स्विचच्या खाचेत बसते, आणि नवा स्विच त्याच स्थितीत फिरवून ठेवला नाही तर तो बसत नाही, किंवा एक घर सरकून बसतो. तसा बसला की बॅटरी जोडताक्षणी स्टार्टर फिरू शकतो. न्यूट्रलचा आग्रह त्यासाठीच.

नवा स्विच आवळण्याआधी त्याची परीक्षा घेता येते. मीटर ओहमवर ठेवून खाच स्क्रूड्रायव्हरने फिरवा. ‘ऑफ’ला येणारी तार कुणाशीच जुळता कामा नये, ‘एसीसी’ला फक्त एसीसीशी, ‘ऑन’ला एसीसी आणि इग्निशनच्या वाटांशी, ‘स्टार्ट’ला स्टार्टर आणि इंजिनच्या वाटेशी. पिनांचा क्रम दर मॉडेलला वेगळा, तेव्हा तो तुमच्या गाडीच्या वायरिंगच्या नकाशातूनच घ्या. जर्मन पद्धतीच्या गाड्यांत नकाशावर आकडे असतात : ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी, १५ म्हणजे ‘ऑन’ला मिळणारी, ५० म्हणजे स्टार्टरची. जुन्या स्विचवर हीच परीक्षा नापास झाली तर तो नक्की गेला, पण पास झाली म्हणून तो निर्दोष ठरला असं नाही. कारण वरच्या उत्तरात आहे.

कपलरच्या पिना तपकिरी किंवा प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं, तर नुसता स्विच घालून थांबू नका. कपलरमधल्या माद्या पिनाही नव्या घाला. नव्या स्विचला जुना जळका कपलर लावला तर तो तेवढ्याच लवकर जातो.

बसवून झालं की कव्हर लावण्याआधी बॅटरी जोडा आणि प्रत्येक खूण तपासा. ‘स्टार्ट’वरून चावी सोडली की ती स्वतःहून ‘ऑन’वर उडी मारून परत आली पाहिजे. चावी ‘ऑन’वर असताना बाहेर निघता कामा नये. चावी काढून स्टिअरिंग फिरवलं की लॉक लागलं पाहिजे, आणि चावी ‘एसीसी’वर आणताच सुटलं पाहिजे. एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे.

हाउसिंगला मात्र हात लावायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. ते गोल डोक्याच्या बोल्टांनी आवळलेलं असतं. त्यांचं षट्कोनी डोकं कारखान्यातच मुद्दाम तुटू दिलेलं असतं, म्हणजे चोराला ते खोलता येऊ नयेत. ते काढायला ड्रिल लागतं. नुसत्या विजेच्या दोषासाठी एवढं करायची गरज नसते, आणि स्विच बदलल्याने चावीही बदलावी लागत नाही.

प्रश्न : चावी घट्ट फिरते, कधी फिरतच नाही. स्विचमध्ये तेल सोडलं तर चालेल?

तेल नको. घट्टपणा बॅरलचा आहे, विजेच्या डबीचा नाही. तेलावर धूळ बसून बॅरलच्या आतल्या, चावीच्या खाचांनी सरकणाऱ्या पत्र्यांवर चिकट पेस्ट होते, आणि ते झिरपत काँटॅक्टपर्यंत गेलं तर काजळी धरतं. कोरडं ग्रॅफाइट किंवा कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे अगदी थोडा मारून चावी दहा-वीस वेळा आत-बाहेर करा. कमी वापरलेली दुसरी चावी सहज फिरत असेल तर झिजली आहे ती पहिली चावी. फक्त गाडी उभी करून ठेवल्यानंतरच अडत असेल, तर चाकाच्या ताणाने स्टिअरिंगचा खटका दाबला गेलेला असतो. स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवा. जोर चावीवर नको. ती आत मोडली की काम कितीतरी पटींनी वाढतं.

प्रश्न : वर्षभरात दोन स्विच जळाले. दोन्ही चांगल्या कंपनीचे होते. वायरिंगमध्ये दोष असेल का?

बहुतेक तसंच. गाडीत नंतर काय काय लावलंय ते आठवा. जादा दिवे, मोठा हॉर्न, अँप्लिफायर यांची वीज सोयीची म्हणून स्विचजवळच्या तारेतून काढलेली असते. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टला ९ अँपिअरहून जास्त ओढतात, आणि हे ओझं स्विचच्या मूळच्या ओझ्यावर चढतं.

उपाय रिलेचा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ चौरस मिलिमीटरची तार, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच १५ अँपिअरचा फ्यूज, मग रिलेच्या ३० नंबरला. ८७ नंबरवरून दिव्यांकडे. ८६ ला दिव्यांच्या बटणातून आलेली इग्निशनची तार आणि ८५ ला अर्थ. आता स्विचला फक्त रिलेच्या कॉइलचा भार, म्हणजे सुमारे ०.१५ अँपिअर. आधीच्या साठाव्या भागाएवढा.

जादा काहीच लावलं नसेल तर ब्लोअरची मोटर तपासा. बुशिंग सुकलेली मोटर नेहमीपेक्षा बराच जास्त करंट घेते. आणि एक सवय : ब्लोअर, काचेचा हीटर बंद करून मगच चावी फिरवावी. भार चालू असताना काँटॅक्ट सुटला की ठिणगी पडते, आणि प्रत्येक ठिणगी धातूचा एक कण खाते.

प्रश्न : चावीला किल्ल्यांचा जुडगा लटकवू नये म्हणतात. यात कितपत तथ्य?

पुरेपूर तथ्य आहे. जुडगा दर खड्ड्याला बॅरलच्या पत्र्यांवर आणि स्विचच्या खाचेवर हिसके देतो. २०१४ साली जनरल मोटर्सने शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि इतर काही मॉडेलच्या मिळून सुमारे २६ लाख गाड्या याच भागासाठी परत बोलावल्या. त्या स्विचमध्ये चावीला ‘ऑन’वर धरून ठेवणारा खटका ठरवलेल्यापेक्षा सैल होता. जड जुडगा किंवा गुडघ्याचा धक्का पुरे, चावी ‘एसीसी’वर घसरायची, आणि इंजिन, पॉवर स्टिअरिंग यांच्याबरोबर एअरबॅगही बंद. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. गाडीच्या चावीला रिमोट आणि एक हलकी कडी, यापलीकडे काही नको.

प्रश्न : चावी काढली तरी रेडिओ चालू राहतो, आणि दोन दिवसांत बॅटरी उतरते.

काही गाड्यांत दार उघडेपर्यंत रेडिओ चालू राहतो, ती सोय आहे. दार उघडून, बंद करून, गाडी लॉक करून अर्ध्या तासानेही चालू असेल तर दोष. चावी काढलेली असताना बॅटरीच्या निगेटिव्हला मालिकेत मीटर लावा. ५० मिलिअँपिअरच्या आत करंट हवा. जास्त असेल तर स्विचचा कपलर काढा. करंट लगेच पडला तर स्विचचा काँटॅक्ट चिकटलाय किंवा बॅरल पूर्ण मागे येत नाही. पडला नाही तर स्विचचा नाद सोडा आणि एकेक फ्यूज काढत जा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज उडेल.

प्रश्न : बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीतही हा स्विच असतो का?

या अर्थाने नसतो. बटण फक्त कंप्युटरला इशारा देतं, जोडतोड रिले करतात. बटण दाबल्यावर डॅशबोर्ड पेटतो पण इंजिन फिरत नाही, असं असेल तर ब्रेक दाबून मागचे दिवे लागतात का ते कुणाला तरी पाहायला सांगा. लागत नसतील तर पेडलवरचा ब्रेक स्विच हा पहिला संशयित. लागत असतील तर रिमोट बटणाला अगदी टेकवून पुन्हा दाबा; तेव्हा सुरू झाली तर रिमोटमधला सेल बदलायची वेळ झाली आहे.